उड्डाणानंतरची सही

नमस्कार, श्रोतेहो.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी दुपारी, दुबईच्या अल मकतूम विमानतळावर भरलेल्या हवाई प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवशी, भारतीय हवाई दलाचे ‘तेजस’ विमान कसरती करता करता जमिनीवर कोसळले आणि ते चालवणारे विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. ते हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्याचे. रविवारी त्यांच्या मूळ गावी लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, ज्या स्वतःही हवाई दलात अधिकारी आहेत, गणवेशात उभे राहून त्यांना अखेरची सलामी दिली. ते छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल.

विंग कमांडर स्याल यांना मी ओळखत नव्हतो. मी हवाई दलात वीस वर्षे इंजिन फिटर होतो. वैमानिक विमान उडवतो आणि आम्ही ते जमिनीवर सांभाळतो, एवढाच माझा त्यांच्या कामाशी संबंध. कागल तालुक्यातल्या आमच्या गावातून पलटणीत गेलेले पुष्कळ आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा कोणी नाही असे घर शोधावे लागेल. हवाई दलात मात्र मीच पहिला, आणि त्यामुळे विमानाविषयी काहीही घडले की गावातले लोक अजून मलाच विचारतात. या वेळीही विचारले. आजचे हे भाषण म्हणजे त्या विचारण्याला दिलेले लांबलेले उत्तर आहे.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी कपिलतीर्थ मार्केटात भाजी घ्यायला गेलो होतो. नेहमीच्या मावशींकडे मेथी घेत असताना शेजारच्या गाळ्यावरच्या मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर ते दृश्य होते. विमान खाली येते, जमिनीला टेकते, आणि आगीचा लोळ उठतो. मुलाने ते संपताच पुन्हा सुरू केले, मग आणखी एकदा, या वेळी संथ गतीने. त्याच्या मनात वाईट हेतू मुळीच नव्हता. मावशींनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, “एवढ्या लांब जाऊन असलं उलटंपालटं उडवायची काय गरज हुती वो, काका?”

त्या वेळी मला काही सुचले नाही. मेथीची जुडी घेऊन मी घरी आलो. दुपारी वर्तमानपत्रात वाचले, की स्याल यांचे वडील त्या दिवशी यूट्यूबवर मुलाच्या प्रदर्शनाच्या चित्रफिती शोधत होते, आणि शोधता शोधताच त्यांना अपघाताची बातमी दिसली. मुलाची कसरत पाहावी म्हणून त्यांनी पडदा उघडला होता. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. त्या वडिलांना जे पाहायचे होते, ते आपल्यापैकी कोणी पाहिले आहे का? शेवटचे काही सेकंद सगळ्यांना पाठ झाले. त्याआधी तो माणूस वर काय करत होता, आणि ते करता यावे म्हणून त्याने खाली किती दिवस घालवले होते, हे कुणालाच ठाऊक नाही. ज्याचे काम आपल्याला कळलेले नाही, त्याच्यासाठी हळहळता येते, पण शोक करता येतो असे मला वाटत नाही. म्हणून आज थोडे त्या कामाविषयी.

आपल्या कोल्हापूरला मर्दानी खेळ सांगावे लागत नाहीत. हलगी कडाडते, दांडपट्टा फिरू लागतो, पोराच्या तळहातावर ठेवलेल्या लिंबाचे दोन तुकडे होतात आणि हाताला ओरखडाही उठत नाही. पाहणाऱ्याला एक लखलख दिसते. तालमीत वाढलेल्याला मात्र ठाऊक असते, की त्या लखलखीमागे वस्तादाने त्या पट्टेकऱ्याला आधी नुसती पावले टाकायला लावलेली असतात, मग हातात लाठी दिलेली असते, आणि लिंबू मुलाच्या हातावर यायच्या आधी कितीतरी दिवस ते जमिनीवर ठेवलेले असते. हवाई कसरतींचा वैमानिक याच रीतीने घडतो. त्याचा क्रम ठरलेला असतो. कोणती कलाटणी कोणत्या वेगाला, कोणत्या उंचीला आणि प्रेक्षकांपासून किती अंतरावर घ्यायची, हे कागदावर उतरलेले असते. तो क्रम पहिल्यांदा पुष्कळ उंचावर करायचा असतो, जिथे चूक झाली तर सावरायला खाली भरपूर हवा असते. तिथे तो चोख झाला, पाहणाऱ्या वरिष्ठांचे समाधान झाले, की मग उंचीची मर्यादा एक पायरी खाली येते. मग आणखी एक. परवानगी मिळाल्याशिवाय कोणीही एक पायरीदेखील स्वतःच्या मनाने उतरत नाही. मोबाइलवरच्या दृश्यात विमान जमिनीच्या इतके जवळ दिसते, तेव्हा ती शेवटची पायरी असते, आणि तिच्यामागचा सगळा जिना कॅमेऱ्याच्या बाहेर राहिलेला असतो.

माझ्या नोकरीची काही वर्षे बिदरला गेली. सोलापूर ओलांडून पुढे गेले की लागणाऱ्या या गावी १९९६ मध्ये हवाई दलाचे ‘सूर्यकिरण’ हे कसरतींचे पथक उभे राहिले. तेव्हा त्यांच्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेली ‘किरण मार्क २’ ही प्रशिक्षण विमाने होती. मी त्या पथकात नव्हतो, शेजारच्या लाइनवर, म्हणजे विमानांच्या रांगेवर, प्रशिक्षणाच्या किरण विमानांवर काम करत होतो. पण इंजिन तेच, ऑर्फियस, आणि डांबरी फरसही तीच. आमचा दिवस त्या फरसावर रांगेने चालत खडे वेचण्यापासून सुरू व्हायचा, कारण इंजिनाने ओढून घेतलेला एवढासा खडाही आतली पाती फाडतो.

तिथे पाहिलेली एक गोष्ट मी कधी विसरलो नाही. उड्डाणाआधी पथकातले वैमानिक मोकळ्या जागेत एकमेकांच्या मागे-बाजूला, विमाने ज्या रचनेत उडणार त्याच रचनेत, पायी उभे राहायचे. पुढचा माणूस आवाज द्यायचा, रेडिओवर देतात तसा, लांबवलेला आणि सपाट. त्या आवाजासरशी सगळे एकदम वळायचे, उजवा हात पोटाशी धरून विमान वळवायचा अदृश्य दांडा ओढायचे, मान तिरपी करून शेजाऱ्याच्या खांद्याकडे पाहायचे. नवख्याला हसू येईल असेच ते दृश्य होते. मला पहिल्या दिवशी आलेही होते, आणि आमच्या वॉरंट ऑफिसरनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की ते तिथल्या तिथे विरले. नऊ विमाने एकमेकांपासून काही मीटरांवर ठेवून उडणारी ही माणसे वर जाऊन नवे काही करत नसत. जमिनीवर जे पायांनी केले तेच वर करत. आकाशात मागे राहणारा पांढरा धूर पाहून आपण टाळ्या वाजवतो, तो बहुतांशी साधे डिझेल असतो, तापलेल्या झोतात सोडलेले. त्याच्या टाक्या भरणाऱ्यांच्या अंगाला दिवसभर पेट्रोल पंपासारखा वास यायचा.

एकट्या विमानाची कसरत आणखी वेगळी. ताशी ५४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला दीडशे मीटर. बिंदू चौकातून निघून महाद्वाराशी पोहोचायला अशा विमानाला चारेक सेकंद लागतील. एवढ्या वेगात विमान झटक्याने वळवले की आतल्या माणसाचे वजन वाढते. तेजसची रचना गुरुत्वाच्या आठपट भार सोसण्यासाठी केलेली आहे. सत्तर किलोचा माणूस त्या वळणात पाचशे साठ किलोचा होतो. रक्त मेंदूकडून पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढचे रंग फिके होतात, नजर कडांकडून आक्रसत जाते. त्यासाठी पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळून धरणारा फुगता पोशाख असतो. पण नुसता पोशाख पुरत नाही. वैमानिक पाय आणि पोट कडक करून, श्वास छातीत कोंडून, ठरावीक ठेक्याने तो सोडत-घेत भार पेलत असतो. बंगळूरच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत मोठ्या फिरत्या यंत्रात बसवून हे शिकवले जाते. विमान उलटे असताना दांडा पुढे ढकलला तर नेमके उलट होते, रक्त डोक्याकडे धावते, आणि ते सोसणे त्याहून कठीण. हे सगळे शरीराशी चालू असताना त्याच माणसाला वेग, उंची, वारा आणि पुढची कलाटणी डोक्यात ठेवायची असते. खासबागेत कुस्ती पाहणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की कडेवर बसून पट्टीचा डाव ओळखणे वेगळे आणि मानेवर वजन असताना तो सुचणे वेगळे.

“मग त्याने उडी का मारली नाही?” हाही प्रश्न मला तीन-चार जणांनी विचारला. वैमानिकाचे आसन रॉकेटवर बाहेर फेकले जाते, आणि आजची आसने विमान जमिनीवर उभे असतानाही माणसाला वाचवू शकतात, हे खरे आहे. मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ तेजस कोसळले, तेव्हा त्याचा वैमानिक अशाच आसनामुळे सुखरूप बाहेर पडला होता. पण विमान वेगाने खाली येत असेल किंवा कलंडलेले असेल, तर आसनाने दिलेला वरचा धक्का त्या खाली येण्यातच खर्च होतो. अशा वेळी वाचण्याची खिडकी सेकंदाच्या अंशांत उघडते आणि बंद होते. दुबईला नेमके काय घडले, ते हवाई दलाने नेमलेली चौकशी सांगेल. तोपर्यंत रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून कारणे ठरवणाऱ्यांत मी बसणार नाही, आणि माझ्या ओळखीच्या निवृत्त मंडळींनीही बसू नये अशी माझी विनंती आहे.

आता मावशींचा प्रश्न. काय गरज होती?

जगात हा प्रश्न सतत विचारला जातो, आणि दरवेळी कोणी तरी गेल्यानंतर. त्याच वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पोलंडमधल्या रादोमला प्रदर्शनाच्या सरावात एफ-१६ विमानाचे वैमानिक मेजर मचेय क्राकोव्यान गेले, आणि ते प्रदर्शन रद्द झाले. दुबईचे प्रदर्शन चालू राहिले. अमेरिकी हवाई दलाच्या कसरती पथकाने मात्र आपले उरलेले उड्डाण स्वतःहून रद्द केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. आपल्याकडे बिदरलाच मार्च २००६ मध्ये सूर्यकिरणचे दोन वैमानिक सरावात गेले, जानेवारी २००९ मध्ये आणखी एक गेले, आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळ येलहंका येथे सरावात दोन विमाने एकमेकांवर आदळून विंग कमांडर साहिल गांधी गेले. इतक्या वेळा हे घडूनही सूर्यकिरण अजून उडते आहे.

याचे उत्तर पूर्ण समाधान करणारे नाही, हे मी आधीच कबूल करतो. प्रदर्शनांमागे विमानांची विक्री असते, देशादेशांची चढाओढ असते, आणि तेजससारखे आपल्याकडे रचलेले विमान जगापुढे मांडण्याची इच्छाही असते; ती मला कमीपणाची वाटत नाही. पण वैमानिकाच्या बाजूने पाहिले तर प्रात्यक्षिकात तो जे करतो ते युद्धात लागणारेच काम असते, फक्त तिथे शत्रू नसतो आणि प्रेक्षक असतात. विमान त्याच्या मर्यादेच्या कडेवर कसे वागते, हे ज्याच्या हाताला कळले आहे तो माणूस पुढे तरुणांना ते शिकवतो. पट्टा म्यानात ठेवून कोणी पट्टेकरी होत नाही. मावशी, मी एवढेच म्हणू शकतो. स्याल यांच्या घरच्यांसमोर हे उत्तर तोंडातून काढण्याचे धैर्य मला होणार नाही.

मला मात्र वैमानिकापेक्षा त्या दिवशी दुबईच्या फरसावर उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांची आठवण जास्त येते. विमान निघण्यापूर्वी वैमानिक आमच्याकडे एक पुस्तक मागतो. फॉर्म ७०० म्हणतात त्याला. विमानाची कोणती तपासणी कोणी केली, इंधन किती, काय बदलले, ते सगळे त्यात सह्यांनिशी असते. तो ते वाचतो, विमानाभोवती एक फेरी मारतो, चाकाला हात लावतो, आणि विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. मग कोणी तरी शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळतो, आसनाच्या सेफ्टी पिना काढून त्याच्यादेखत मोजतो, आणि खाली उतरून शिडी बाजूला करतो. चाकांचे ठोकळे निघतात. तो अंगठा दाखवतो, आपणही दाखवतो. त्यानंतर आमच्याकडे काहीच काम नसते. आम्ही शिडी आणि ठोकळे घेऊन, विमान जिथून गेले त्याच जागी थांबून राहतो, कारण ते तिथेच परत येणार असते.

परत आल्यावर वैमानिक त्याच पुस्तकात दुसरी सही करतो. उड्डाणात काही बिघाड जाणवला असेल तर तो लिहितो, नसेल तर ‘काही नाही’ असे लिहितो. आमच्यात त्या दोन शब्दांसारखी दुसरी शाबासकी नव्हती.

अपघात झाला की सगळ्यांत आधी ते पुस्तक ताब्यात घेऊन सीलबंद करतात. दुबईलाही केले असेल. त्यात विंग कमांडर स्याल यांची त्या दुपारची एक सही असेल, आणि तिच्याखालची ओळ कोरी असेल. ती कोरी ओळ पाहून, हातातली शिडी कुठे ठेवावी हे न सुचलेला कोणी तरी फिटर किंवा तंत्रज्ञ तिथे उभा असेल. त्याचे नाव कोणत्याही बातमीत आलेले नाही. आज मी त्याच्यासाठीही दोन मिनिटे शांत उभा राहणार आहे.

नमस्कार.