घाट चढणारा पोरगा ट्रॅकवर का अडखळतो

मंडळी, जळगाव-धुळ्याकडचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा सायकलिंगकडे वळला, की महिन्याभरात त्याच्या तोंडी एकच आकडा येतो: शंभर किलोमीटर. पारोळ्याला जाऊन आलो, शंभर झाले. घरचे खूश, मोबाइलवर नकाशा फिरतो. माझं भांडण या शंभराशी आहे.

ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्सची कारकीर्द बघा. २००४ आणि २००८ला ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या, म्हणजे सायकलींसाठी बांधलेल्या उतरत्या वळणांच्या गोल धावपट्टीवरच्या, पर्सूटचं (विरुद्ध बाजूंनी सुटून एकमेकांचा पाठलाग करायच्या शर्यतीचं) सुवर्ण, २०१२ला टूर द फ्रान्स ही रस्त्यावरची तीन आठवड्यांची शर्यत, आणि २०१६ला पुन्हा ट्रॅकवर येऊन सांघिक पर्सूटचं सुवर्ण. गेरेंट थॉमसही २००८ आणि २०१२ला ट्रॅकवर सोनं घेऊन मग २०१८ची टूर जिंकला. दोघांच्या पायात आधी फिरकी, म्हणजे पायडल भराभर आणि सलग फिरवण्याची सवय, आली, लांब पल्ल्याची ताकद नंतर. आपल्याकडे गाडी उलटी जोडली जाते, आणि विशीनंतर फिरकी शिकवणं फार जड जातं.

फिरकी किती लागते, ते हिशेबानं सांगतो. रोड सायकलवर पुढे ५० दाते, मागे १२, चाकाचा घेर २.१ मीटर धरा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ८.७५ मीटर जाते. ताशी ४५चा वेग ठेवायला मिनिटाला ८६ फेरे पुरतात. ट्रॅकवर शिकाऊ पोराला ४९-१५ दिलं, तर एका फेऱ्यात ६.८६ मीटर. तोच ४५चा वेग, पण आता १०९ फेरे लागतात. शेवटच्या फेरीत ५५ला गेलात तर १३४. शंभर किलोमीटरवाल्या पोराचं बूड ११०लाच सीटवर उडायला लागतं. त्याच्यात दम भरपूर असतो, पण पाय वरच्या टोकाला अडकतात, कारण खाली दाबायचीच सवय, मागे ओढून वर आणायची नाही.

खानदेशात ट्रॅक नाही म्हणून हे अडत नाही. जागच्या जागी सायकल चालवायचे तीन नळ्यांचे रोलर घ्या, ३९-१७ गिअर लावा. दहा मिनिटं मिनिटाला ९० फेऱ्यांनी फिरवा. मग एक मिनिट ११०, एक मिनिट सावकाश. एक मिनिट १२०, एक सावकाश. असे सहा वेळा. बूड उडायला लागलं की तिथेच थांबा, पाच फेरे कमी करा आणि त्या आकड्यावर आठवडा काढा. उडत्या बुडानं १३० मारण्यात काही अर्थ नाही. आठवड्यातून तीनदा एवढं पुरे. तोरणमाळचा घाट जरूर चढा, पण चौदाव्या वर्षी दर रविवारी नको.

रस्त्यावर मात्र एक गोष्ट आपल्याला फुकट मिळते, ती म्हणजे वारा. पावसाळ्यात धुळ्याहून साक्रीकडे निघालात की नैर्ऋत्येचा वारा डाव्या अंगानं पुढून येतो. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या काही उगाच उभ्या नाहीत. अशा वाऱ्यात पुढच्या सायकलवाल्याचा आडोसा सरळ मागे नसतो, उजवीकडे मागे असतो. रांग तिरकी लावायची, तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला. आडोशातल्या माणसाची पाव ते एक-तृतीयांश ताकद वाचते. धोका एवढाच की ही रांग रस्त्याच्या मधोमध सरकते आणि मागून ट्रक येतो. म्हणून हायवेवर नाही, आतल्या रस्त्यावर, उजाडताना, आणि चारांपेक्षा जास्त जण नकोत.

खाण्याचं थोडक्यात. दीड तासावर सराव असेल तर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात, म्हणजे अडीच केळी. रावेर-यावलच्या माणसाला याहून स्वस्त पर्याय नाही, तरी पोरं पाकिटातली एनर्जी जेल विकत घेतात! उन्हाळ्यात सरावाआधी आणि नंतर वजन करा. साठ किलोचा पोरगा सव्वा किलोनं घटला, तर पाणी कमी पडलं.

बाभळीचा काटा लागला तर नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटानं चाचपा. काटा तिथेच राहतो आणि दुसरी ट्यूबही जाते.

ट्रॅकची सायकल वेगळी. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही; चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. मागच्या दातेरी चकतीला उजवे आटे, तिच्यावरच्या लॉक-रिंगला डावे, म्हणजे पायानं उलटा जोर लावला तरी चकती सुटत नाही. गावातला मिस्त्री नेहमीच्या बाजूला फिरवून ती रिंग ‘घट्ट’ करतो आणि खरं तर सैल करून देतो. चेन ताणताना क्रँक (पायडलचा दांडा) पूर्ण फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधा. तिथे मधोमध एक सेंटिमीटर खेळ हवा. ताठ ठेवली तर फिरताना अडखळते, ढिली ठेवली तर उतरून मागचं चाक जाम होतं.

पोटापाण्याचा प्रश्न पालक विचारतातच. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि सेनादल आपापले संघ उतरवतात. भुसावळच्या घरात रेल्वे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी होते. प्रत्येक निकालाचा कागद जपा.

आता दिल्लीच्या लाकडी ट्रॅकवरचा पहिला दिवस. फेरी २५० मीटरची, वळणावरचा उतार चाळीस अंशांच्या पुढे. भीतीनं वेग कमी केला की टायर खाली निसटतो. वळणावर ताशी तीसच्या खाली जाऊ नका. तळाच्या काळ्या रेषेवर फेरी मोजतात. तिच्या वरच्या लाल रेषेवरून गेलात तर दर फेरीला चार मीटरहून जास्त फुकट चालवता. वर सरकण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघा. आणि थांबायचं असेल तेव्हा रोडवरची सवय दगा देते: पाय थांबवले की पायडल माणसाला उडवतं. लालच्याही वरच्या निळ्या रेषेच्या वर जा, दोन-तीन फेऱ्यांत वेग मरू द्या, सरळ भागात खाली उतरा आणि कठडा हातात येईपर्यंत पाय फिरवत राहा.