घेतलं का नको, दाखवा म्हणा

नमस्कार श्रोतेहो. घरात दम्याचा किंवा सीओपीडीचा (म्हणजे श्वासाला अडथळा करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा) पेशंट असेल तर औषधांचा डबा तुमच्या ओळखीचाच आहे, म्हणून नावं वाचत बसत नाही. एकच सांगते: "औषध घेतलं का?" असं विचारू नका. "कसं घेता ते दाखवा" म्हणा.

आमच्या वॉर्डात सातारकडच्या एक आजी यायच्या. विडी नाही, मिश्री नाही. जन्मभर चुलीचा धूर तेवढा. घरी गॅस होता, पण चहापुरता. पाणी आणि भाकरी चुलीवर. (चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करणारे स्वतः चुलीपुढे बसलेले मी पाहिले नाहीत. ढाब्यावर बसून खातात आणि फोटो काढतात. असो.) तर आजी बऱ्या होऊन घरी जायच्या आणि दम लागून परत यायच्या. मुलगा शपथेवर सांगायचा, "सिस्टर, एक वेळ चुकत नाही." खरंच, डबीतल्या कॅप्सूलचा हिशेब चोख होता.

मी म्हटलं, "आजी, घेऊन दाखवा बघू."

आजींनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी. गट्ट!

"आणि ते यंत्र?" पिशवीच्या तळातून रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली पूड श्वासातून ओढायचं यंत्र, निघाला, खोक्यासकट. "म्हागाचं दिसलं, पोरांनी मोडाय नगं म्हणून ठिवलंय."

मग शिकवणी. कॅप्सूल चौकोनी भोकात बसवली, पिळलं, तोंडात धरायला दिलं. आजींनी जोरात फुंकर मारली आणि सगळी पूड माझ्या ॲप्रनवर! हात फुंकणीला सरावलेला, दुसरं काय होणार? "फुंकायचं नाही आजी, ओढायचं!" सगळा वॉर्ड हसला. आजीही हसल्या, आणि हसताना पुन्हा धाप लागली.

तर ऐका. आधी रोटाहेलर बाजूला धरून श्वास पूर्ण सोडा. मग तो तोंडात धरून, भोवती ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढा. 10 सेकंद धरून ठेवा. स्टेरॉइडचं औषध असेल तर खळखळून चूळ भरा आणि थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते. बरं वाटलं म्हणून रोजचं औषध मनाने बंद करू नका.

पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते म्हणता? साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे चाळिसावा भाग, तोही थेट छातीत. पण आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय डॉक्टरची फी वसूल होत नाही ना!

घरी ऑक्सिजन असेल तर जवळ उदबत्तीसुद्धा नको. सीओपीडीच्या पेशंटला डॉक्टर बहुधा रक्तातल्या ऑक्सिजनचं 88 ते 92 टक्क्यांचं लक्ष्य देतात. आकडा 98 दिसावा म्हणून ऑक्सिजनचा प्रवाह मनाने वाढवू नका.

बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, तर पेशंटला बसतं ठेवा, आडवं करू नका. 108 लावा, आणि औषधांची पिशवी बरोबर घ्या, यंत्रासकट.