लाल पथारी, काळा मणी

(दृश्य : नंदुरबार, पथारीवर पसरलेली मिरची)

दिवाळीच्या मागेपुढे नंदुरबारच्या वेशीबाहेरची रानं अशी लालभडक होतात. बाजार समितीतून आलेली ओली मिरची इथं, मोकळ्या पथारीवर, उन्हाच्या भरवशावर टाकायची. पसरायची, उलथायची, पुन्हा पसरायची. तोंडाला फडकं बांधून देठ खुडणाऱ्या या बायकांना ठसका लावतं ते कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य. डोळ्यांत भरणारा लाल रंग मात्र त्याचा नाही. ब्याडगी रंगाला घ्यायची आणि लवंगी तिखटाला, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

(दृश्य : उभी चिरलेली मिरची, जवळून)

तिखट बियांत असतं, असं आपण धरून चालतो. नीट बघा. बिया ज्या पांढरट शिरेला चिकटल्या आहेत, तिथं कॅप्सेसिन तयार होतं. बियांना लागतं ते तिच्या शेजारामुळे.

(दृश्य : सावंतवाडी तालुका, सुपारीची बाग)

कोकणात तिखट झाडावर चढतं. मिरीच्या वेलाला वेगळी जमीन लागत नाही, सुपारीचं खोड पुरतं. तरी किती बागांतली खोडं अजून उघडीच आहेत! घोसातला एखाददुसरा मणी नारिंगी दिसला की शिडी लावायची. घोस उतरवायचे, मणी चोळून सुटे करायचे, बांबूच्या टोपलीत भरायचे आणि टोपली मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवायची. ही बुडवणी चुकवू नये. उष्णतेनं सालीच्या पेशी फुटतात, आतली विकरं (एंझाइम) कामाला लागतात आणि उन्हात सगळा माल एकसारखा काळा होतो. नुसताच वाळवला तर रंग कमीजास्त होतो. पिकलेल्या मण्याची साल काढून वाळवली, की पांढरी मिरी. मिरीचा वास तिच्या तेलाचा. जिभेला झोंबतं ते पिपरिन.

(दृश्य : दोन्ही रेणूंची आकृती)

आता दोघं शेजारी शेजारी. पिपरिनमध्ये 17 कार्बन, 19 हायड्रोजन. कॅप्सेसिनमध्ये 18 आणि 27. ऑक्सिजन दोघांत तीन-तीन, आणि नायट्रोजन फक्त एक. तो दोन्हीकडे अमाइड बंधातच, म्हणजे ऑक्सिजन धरलेल्या कार्बनला जोडून बसलाय, पण बैठक वेगळी. पिपरिनमध्ये तो सहा अणूंच्या कड्यात अडकलेला. कॅप्सेसिनमध्ये कड्याबाहेर : एका अंगाला व्हॅनिलिनच्या (व्हॅनिलाला वास देणाऱ्या रेणूच्या) घराण्यातलं कडं, दुसऱ्या अंगाला मेदाम्लाची लांब शेपटी.

पिपरिन वेगळं काढलं डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं, 1819 मध्ये. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे पुढच्याच वर्षी दाखवणारा ओर्स्टेड तो हाच. कॅप्सेसिनचे शुद्ध स्फटिक आणि नाव इंग्लंडच्या थ्रेशचं, 1876 मधलं. दोघंही जिभेवर एकच कुलूप उघडतात, हे कळायला मात्र विसावं शतक संपत आलं. 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं टीआरपीव्ही-1 हा ग्राही, म्हणजेच ते कुलूप, शोधला. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तो चटक्याची खबर मेंदूला देतो, आणि कॅप्सेसिन लागलं तरी तीच खबर देतो. पिपरिनही त्यालाच जागं करतं. ज्युलियसना 2021 चं नोबेल मिळालं त्यात या मिरचीचा मोठा वाटा आहे. पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सेसिनचा असर होत नाही. पोपट मिरची खुशाल खातो.

जोर मात्र सारखा नाही. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर शुद्ध कॅप्सेसिन 1 कोटी 60 लाखांच्या घरात, पिपरिन लाखाच्या आसपास. म्हणून मिरीत वजनाच्या 5 ते 9 टक्के पिपरिन असूनही, टक्काभरही कॅप्सेसिन नसलेली मिरची तिला हरवते. शिवाय पिपरिन उजेडात टिकत नाही, त्याची रचना बदलते आणि झोंबणं कमी होतं. दळलेली मिरी काचेच्या बरणीत खिडकीत ठेवू नका. कॅप्सेसिन चिवट आहे, पाण्यानं धुऊनही सहज सुटत नाही.

(दृश्य : पुन्हा पथारी, बायकांचे हात)

खुडणारीच्या बोटांची आग घरी गेल्यावरही राहते. मिरीचा माल आभाळ भरून आलं की गोळा करून ओटीवर ओढता येतो. एवढ्या मोठ्या पथारीवर अवकाळी आला, तर ताडपत्री किती अंथरणार? भिजलेली मिरची काळी पडते, बुरशी धरते आणि भाव उतरतो.