संकासुराला संहिता नसते

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कृत्रिम बुद्धिमत्तेला विरोध' असं छापलंय. छापणाऱ्याने जरा घाई केली. माझ्या मनात शंका बऱ्याच आहेत, पण त्यातल्या बहुतेक आज ना उद्या फिटतील अशा आहेत. चित्रातल्या माणसाला सहा बोटं यायची, ती आता फारशी येत नाहीत. मराठीत लिंगाची गफलत व्हायची, तीही कमी झाली. त्या चुकांवर हसून कोणी यंत्राला नावं ठेवत असेल, तर दोन वर्षांनी त्याची पंचाईत होणार आहे. माझी न फिटणारी शंका एकच आहे आणि ती शिकण्याबद्दलची आहे.

कुडाळात बोलतोय, तेव्हा दाखला दशावताराचाच घेतो, आपल्या कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचा. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींनी धयकाल्यात, म्हणजे याच खेळात, रात्री जागवल्या आहेत, चुकलो तर टोकालच. श्यामजी नाईक काळे यांनी 1728च्या सुमारास राजापूरजवळ आडिवऱ्याला हा खेळ आणला, असं परंपरेने सांगतात. त्याची एक रीत अजून टिकून आहे. लिहिलेली संहिता नसते. जत्रेच्या देवळामागे पेटारे उघडतात, नट आपापला चेहरा स्वतःच रंगवायला बसतात आणि मंडळाचा मालक सांगतो, आज अमुक आख्यान, तू राजा, तू नारद, तू राणी. कथानकाचा सांगाडा ठरतो. बाकीचं बोलणं रंगमंचावर, तिथल्या तिथे.

आणि बोलणं कसलं? दिवसा भातशेती करणारा, रिक्षा चालवणारा, कोणी जेमतेम सातवी शिकलेला माणूस रात्री बाकड्यावर बसतो, त्या बाकड्याचं सिंहासन होतं आणि तो तासभर संस्कृतप्रचुर मराठी बोलतो. 'हे ऋषिवर्य, आपल्या आगमनाने आमची ही नगरी पावन झाली' इथून सुरुवात करून तो धर्म-अधर्मावर वाद घालतो. व्याकरणाचं पुस्तक त्याने उघडलेलं नसतं. संकासुर, म्हणजे या खेळातलं विनोदी पात्र, मात्र मालवणीत बोलतो आणि गावातल्या सरपंचापासून रस्त्यातल्या खड्ड्यापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतो. एका रात्रीत दोन भाषा, दोन्ही आयत्या वेळी.

ही भाषा ते शिकतात कशी, याचं मला शिक्षक म्हणून फार कुतूहल. मी संध्याकाळी बाहेरगावहून आलेल्या नोकरदारांना मराठी शिकवतो, म्हणून जत्रेत माझं लक्ष राजापेक्षा नवख्या पोराकडे जास्त असतं. असाच एक पोरगा पाहिला. पहिल्यांदाच राजपार्टी, म्हणजे राजाचं काम, मिळालेली. रंग लावता लावता त्याने शेजारच्या म्हाताऱ्या नटाला विचारलं, "माझो प्रवेश कसो?" त्याने आरशातून नजर न काढता तीन वाक्यांत सांगितलं: आधी दरबाराची चौकशी कर, मग ऋषी येतील, त्यांना नमस्कार कर, पुढचं मी बघतो. पोरगा बाहेर आला. चार वाक्यं झोकात बोलला आणि पाचव्याला जीभ घसरून थेट मालवणीत गेला. पुढे बसलेली एक आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अरे मेल्या, राजा मां तू? मगे असो काय बोलतंस?" मंडप हसला. पायपेटीवालाही हसला. तेवढ्यात तो म्हातारा नट ऋषीच्या वेषात आत आला आणि म्हणाला, "राजन, प्रजेच्या सुखदुःखात आपण इतके रमलात की आपली वाणीही प्रजेची झाली!" हशा आणि टाळ्या झाल्या. पोराला दम घ्यायला वेळ मिळाला आणि ते वाक्य कायमचं त्याच्या खाती जमा झालं.

एवढ्या अर्ध्या मिनिटात काय काय झालं ते बघा. पोरगा चुकला. ज्यांना त्या चुकीचा त्रास झाला, ते समोरच होते. त्यातल्या एकीने झापलं, दुसऱ्याने सावरलं. दोघांनाही खेळ चांगला व्हायला हवा होता, कारण एकीची झोप गेली होती आणि दुसऱ्याची बिदागी त्यावर होती.

आता यंत्राकडे या. चॅटजीपीटीसारख्या यंत्रांमागची भाषेची ही मोठी प्रारूपं अफाट मजकुरावर घडवतात. आधीच्या शब्दांवरून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ती काढतात. नंतर माणसांकडून उत्तरांना पसंती-नापसंती मिळवून त्यांना वळण लावतात. या दुसऱ्या पायरीत गोम आहे. लोकांना काय आवडतं, त्यात गोड बोलणंही येतं. एप्रिल 2025मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारणा ओपनएआयला काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ते यंत्र वापरणाऱ्याच्या वाटेल त्या म्हणण्याला वाहवा करत सुटलं होतं. कंपनीनेच ते कबूल केलं. अतिरेक झाला म्हणून तो दिसला. पण मुळात त्या यंत्राची झोप जात नाही, रात्र फुकट जात नाही. तुम्ही त्याच्याशी दहा वेळा तेच चुकीचं बोला, अकराव्यांदाही ते तितक्याच प्रसन्नपणे उत्तर देईल. ज्याला कधी वैताग येत नाही, त्याच्याकडून भाषा शिकता येते यावर माझा विश्वास नाही. शब्द शिकता येतील, नियम शिकता येतील. कुठे थांबायचं, कोणापुढे काय बोलायचं, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

माझ्या वर्गात बिहारमधला एक मुलगा होता, बँकेत नोकरीला. हुशार. फोनवर रोज तासभर यंत्राशी मराठी बोलायचा आणि त्याची वाक्यं माझ्यापेक्षा शुद्ध असायची. खिडकीवर पेन्शन काढायला आलेल्या आजीशी मात्र त्याचं जमेना. त्याने घोकलेला प्रश्न विचारला की आजी उत्तरात सुनेचं दुखणं, एसटीची वेळ आणि शेवटी पैशाची गोष्ट, असं सगळं एका दमात सांगायच्या. यंत्र नेहमी विचारलेल्याचंच उत्तर देतं. माणसं देत नाहीत. पुढे त्याला त्या आजींनीच शिकवलं, दर महिन्याला थोडं थोडं, मागची रांग कुरकुरत असताना.

चित्राचंही असंच आहे. सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ, तुम्हाला माहीत आहे. दशावतारी गंजिफ्याची 120 गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. ही कला मरणपंथाला लागली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा कामाला लावली. आज यंत्राला सांगा, मत्स्याची सत्ती काढ. ते पटकन काढेल, कदाचित देखणीही. पण गंजिफा हा डाव आहे. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत नेमकं उलटं. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतारी करायची, रात्री कृष्णाचा. हातात पंख्यासारखी धरलेली पानं पणतीच्या उजेडातही ओळखू यायला हवीत. म्हणून रंगाची जमीन वेगळी, म्हणून मासा इतका सुटसुटीत. चितारी ब्रश चालवताना खेळणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे ठेवतो. आपण हल्ली ही पानं चौकटीत घालून भिंतीवर टांगतो, खेळत कोणीच नाही. हा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही, तो आपलाच आहे.

न विचारता चित्रं उचलण्याचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो, कारण तो आता कोर्टात आहे. चित्रयंत्रं शिकवायला वापरलेल्या लायन-5बी या एकाच संग्रहात इंटरनेटवरच्या पाचशे कोटींहून जास्त चित्रांचे दुवे आणि मथळे होते. काढणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. जानेवारी 2023मध्ये अमेरिकेतल्या तीन चित्रकारांनी अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. निकाल काय लागायचा तो लागो, न विचारता घेतलं याला आमच्याकडे जे म्हणतात ते मी या व्यासपीठावरून म्हणत नाही.

आता मालवणीकडे येतो. यंत्रांना खाऊ घालतात त्या इंटरनेटच्या मजकुरात इंग्रजीचा वाटा 40 टक्क्यांच्या पुढे, मराठीचा एक टक्काही नाही आणि मालवणी तर लिहिलीच कमी जाते. म्हणून यंत्र मालवणी बोलतं ते थोडं गोव्याचं, थोडं पुण्याचं आणि वर नाटक-सिनेमातल्या विनोदाची फोडणी. यावर उपाय म्हणून काही उत्साही तरुण मला भेटले. जत्रांमधले दशावतार ध्वनिमुद्रित करू, यंत्राला शिकवू, बोली वाचेल, असं त्यांचं म्हणणं. मुद्रणाला माझी अजिबात ना नाही. जरूर करा, चांगल्या माइकवर करा, गावोगावचे हेल टिपा.

पण 'रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण याच नटांवरून पडली आहे, हे विसरू नका. ज्याचा आवाज घेणार त्याला आधी विचारा, कशासाठी घेताय ते समजेल अशा भाषेत सांगा, आणि त्या रात्रीची बिदागी मालकाच्या हातात न देता नटाच्या हातात द्या. त्या तरुणांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, बजेटमध्ये तशी तरतूद नाही. मी म्हटलं, मग तरतूद झाली की या, तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतातच.