चकाचक नको, तिचंच पायजे

(दृश्य: पहाट. करवीर तालुक्यातला एक गोठा. उसाच्या पाचटाचा ढीग. दोन हात पाचट बाजूला करतात.)

आधी दिसतं ते हँडल. मग आरशाचा नुसता दांडा. मग टाकी, आणि टाकीवर कोंबड्यांनी वर्षानुवर्षं दिलेला रंगाचा वेगळाच हात. मागच्या चाकाला म्हशीचं दावं बांधलंय.

आज्जी दारातूनच म्हणतात, "न्या एकदाची. ह्यांच्या मागं कुणी हात लावला न्हाय तिला."

(दृश्य: टाकीचा क्लोज-अप. ओल्या फडक्याखाली उमटणारी अक्षरं.)

राजदूत ३५०. कोल्हापुरात हिला राजदूत कुणी म्हणत नाही. आरडी! यामाहाची आरडी ३५० जपानी. तिच्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ पासून ही भारतात बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. ज्या काळात दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळे एका सिलिंडरवर समाधानी होते, त्या काळात ही रस्त्यावर आली, आणि पेट्रोल पिते म्हणून लगेच बदनामही झाली. जपानी मूळ गाडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर. इथं ती आधी ३०.५ वर आणली, पुढे मायलेजची ओरड झाल्यावर २७ वर. ३०.५ ची ती हाय टॉर्क, २७ ची ती लो टॉर्क. जाणकार आजही पहिला प्रश्न तोच विचारतात: हाय टॉर्क का लो टॉर्क? मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेकही इथं आला नाही. त्याच्या जागी सात इंची ड्रम बसला.

हा ड्रम लक्षात ठेवा. पुढची सगळी धावपळ त्याच्यापायी आहे, कारण गोठ्यातल्या या गाडीचं पुढचं चाक भलत्याच गाडीचं निघालं.

(दृश्य: टेम्पोच्या हौद्यात बांधलेली गाडी. शिवाजी उद्यमनगर. लेथचे आवाज, ओतकामाच्या भट्टीचा धूर.)

उद्यमनगर. इथल्या फाउंड्रीतलं ओतीव काम देशभरच्या गाड्यांत जातं. कोल्हापूरच्या माणसाला 'मिळत नाही' हे ऐकून घ्यायची सवय नाही. मिळत नाही? मग करू की! कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कुणी देईल म्हणून वाट बघितली नाही, याच गावात घडवला. तीच खोड गल्लीबोळातल्या मेस्त्रींच्या हातात उतरली. बुश झिजला, लेथवर चढव. लिव्हर तुटला, वेल्डिंग मार.

याच खोडीनं हजारो गाड्या चालू ठेवल्या. आणि याच खोडीनं त्यांचं मूळ सामान भंगारात घातलं, हेही आम्हाला म्हणायचंय.

(दृश्य: वर्कशॉप. भिंतीला लावलेले चहाच्या पत्तीचे डबे, प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं.)

हे मेस्त्री वयाच्या चौदाव्या वर्षापासून पाना धरतात. त्यांच्याकडं नियम एकच. काढलेला माल टाकायचा नाही. वायसर असो, स्प्रिंग असो, नाहीतर तुटका क्लिप. डब्यात जाणार, डब्यावर खडूनं नाव पडणार.

(दृश्य: स्क्रूचा अगदी जवळून शॉट. डोक्यावरचा बारीक ठिपका.)

हा ठिपका बघा. जपानी गाडीच्या स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फुलीसारखी वाटते, पण तिचं माप जपानी आहे. बऱ्याच स्क्रूंवर ओळख म्हणून असा ठिपका असतो. साधा स्क्रू-ड्रायव्हर लावला की तो फुलीतून वर चढतो आणि स्क्रूचं डोकं खातो. जुन्या गाड्यांची इंजिन कव्हरं अशी छिन्नीनं ठोकलेली का दिसतात, त्याचं कारण हे एवढंसं आहे. मेस्त्रींकडं जपानी मापाचे ड्रायव्हर आहेत. पोराला ते हात लावू देत नाहीत.

(दृश्य: इंजिन बाकावर. हेड निघतं. काजळी. मग सिलिंडर, मग पिस्टन.)

पिस्टन बाहेर आला. वरच्या बाजूला बाण. तो सायलेन्सरच्या दिशेनं राहिला पाहिजे. रिंगच्या खाचेत एक इवलीशी पिन. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. रिंग गोल फिरली तर तिची टोकं खिडकीत अडकून मोडतील, म्हणून ही पिन तिला जागेवर धरते.

आणि मापाचा आकडा. सिलिंडरचं मूळ माप ६४ मिलिमीटर. झिजलं की बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा, आणि पाव मिलिमीटरनं मोठा पिस्टन घालायचा. परत झिजलं की परत पाव. अशा दोन-चार पायऱ्या उतरल्या की सिलिंडर संपला. म्हणून मेस्त्री बोअरला घाई करत नाहीत. आधी बोअर गेज, तीन ठिकाणी, आडवा-उभा. "हितं अजून एक जीव शिल्लक हाय," ते म्हणतात.

(दृश्य: पुराचं पाणी भिंतीवर जिथवर आलं होतं ती रेघ. गोदाम. ओलीनं फुगलेली खोकी.)

पिस्टनचा शोध आम्हाला या गोदामात घेऊन आला. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी इथं शिरलं. माल राहिला, खोक्यांवरची लेबलं गेली. आता वाचायचं ते सुट्या भागावर कोरलेलं, किंवा एखाद्या पिशवीवर तगलेलं. यामाहाच्या नंबरात पहिली तीन अक्षरं गाडीचं मॉडेल सांगतात आणि पुढचे पाच आकडे भाग कोणता ते सांगतात. ११६३१ म्हणजे मूळ मापाचा पिस्टन. ११६३५ म्हणजे पाव मिलिमीटर मोठा. होंडाची तऱ्हा उलटी. तिथं आधी भाग, आणि मॉडेल मधल्या तीन आकड्यांत.

मेस्त्री चष्मा कपाळावर चढवून एकेक पिशवी उजेडाला धरतात. शेट म्हणतात, "मेस्त्री, डुप्लिकेट नवा करकरीत देतो की. कशाला डोळं फोडून घेताय?"

मेस्त्री उत्तर देत नाहीत. पिशवी उजेडातच.

(दृश्य: पिशवीवरचा फिका आकडा. ११६३५. शेजारी तसाच दुसरा.)

(दृश्य: क्रँक दोन टोकांवर तोललेली. डायल गेज. तांब्याची हातोडी.)

क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा दांडा. दोन सिलिंडरची ही क्रँक अख्खी ओतलेली नसते. फ्लायव्हील, पिना, बेअरिंग प्रेसवर एकात एक दाबून ती जुळवलेली असते. उघडून कनेक्टिंग रॉडचं किट घातलं की परत सरळ करावी लागते. एक ठोका. सुई थरथरते. परत एक. इथं मोजमाप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं आहे, आणि ते साधायचं हातोडीनं. कडेच्या सीलची गंमत अशी की क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढायला लागतं. मालक बिचारा कार्बोरेटर बदलत बसतो, आणि धूर काही हटत नाही.

संध्याकाळचे सहा. हातोडी थांबली. मेस्त्रींनी चहा सांगितला.

(दृश्य: गोकुळ शिरगाव एमआयडीसीजवळची रंगाची शेड. एका स्टुलावर गरगर फिरणारं काहीतरी, त्यावर खिडकीचं ग्रील.)

आता ड्रम. या गाडीला जपानी डिस्क बसवणं अवघड नाही. पैसे टाकले की सामान बाहेरून येतं आणि थांबायलाही ती सरस. बरेच हौशी लोक तेच करतात, आणि निघालेला ड्रम किलोच्या भावानं जातो. जपानी आरडीला डिस्कच शोभते, आमचं काही म्हणणं नाही. पण या गाडीला जन्मापासून ड्रम होता. दुय्यम असेल, पण तिचा होता. त्यासाठी तीन महिने गेले.

आणि तो सापडला इथं. हा रंगारी ग्रीलला फवारा मारताना ते ज्याच्यावर फिरवतो, ते खालून बघा.

(दृश्य: कॅमेरा स्टुलाखाली. रंगाच्या थरांखाली हबचा आकार.)

आरडीचा पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, ज्यात ड्रम असतो. ॲक्सलवर उभा केलेला. ब्रेकची प्लेट स्टुलाला बोल्टनं आवळलेली. बेअरिंग इतकं मोकळं की बोटानं फिरतं, म्हणूनच त्यानं ते पाट म्हणून निवडलं. "लई वर्सं झाली, कुणी भंगारवाल्यानं दिलतं," तो सांगतो. मेस्त्रींनी त्याला दुसऱ्या एका गाडीचा हब देऊ केला. घासाघीस झाली असावी. तोवर आमची बॅटरी संपली होती.

(दृश्य: रसायनात बुडवलेला हब. सुटणारे रंगाचे थर: निळा, हिरवा, लाल ऑक्साइड, मग धातू.)

किती घरांच्या खिडक्यांचा रंग होता यावर!

(दृश्य: रिमवर स्पोक चढतात. ३६ स्पोक. मेस्त्रींच्या बोटातला खडू.)

रिमचा आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढताना मेस्त्री बोलत नाहीत आणि कुणाला बोलू देत नाहीत. चाक फिरतं, खडू जिथं टेकतो तिथला स्पोक सैल, समोरचा घट्ट. अर्धा फेरा, पाव फेरा. त्यांचा पोरगा सांगतो, स्पोकवर पान्यानं टिचकी मारली की बापाला आवाजावरूनच ताण कळतो.

टाकीला नवा रंग दिला नाही. आज्जींच्या नातवाला द्यायचा होता. मेस्त्री म्हणाले, "चकाचक नको. तिचंच ठेवा." फक्त आतला गंज काढला, बाहेर मेण लावलं. पोचाही तसाच. नट-बोल्टना क्रोम नाही. कंपनीतून येत तसंच झिंक. क्रोम केलेला बोल्ट आम्हाला तरी नवरदेवाच्या पायात स्पोर्ट्स शूज दिसावेत तसा वाटतो.

(दृश्य: कागदपत्रांची फाइल, पानं उलटताना.)

फेरनोंदणी, हरित कर, विमा, पीयूसी झालं. खर्च नातवानं कॅमेऱ्यासमोर सांगितला नाही. टू-स्ट्रोक न जळलेलं पेट्रोल आणि तेल धुरातून सोडतो, हे खरं आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं लागतात आणि चेसिस, बॉडी, इंजिनात बदल चालत नाहीत. ही अजून चाळिशीत आहे.

(दृश्य: प्लगच्या भोकात डायल गेज. मेस्त्री बोटानं क्रँक फिरवतात. पॉइंट उघडतो.)

दोन सिलिंडर, ठिणगीची वेळ ठरवणारे दोन पॉइंट, दोन वेळा टायमिंग. दोन कार्बोरेटर, त्यांचे स्लाइड एकाच वेळी उचलले पाहिजेत. मेस्त्री मागं उभे राहून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी एकेक तळहात धरतात. दोन्हीकडचा वारा सारखा लागला पाहिजे.

(दृश्य: किक. काही नाही. किक. काही नाही. चोक. किक.)

(आवाज. निळा धूर. निवेदन नाही, २० सेकंद.)

(दृश्य: सकाळ. रंकाळ्याचा काठ. गाडी, बाजूनं चालणारी माणसं वळून बघतात.)

पुढं चौक आहे. मेस्त्री बरंच आधीपासून ब्रेक धरायला लागतात. ड्रम आहे. त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो.

(दृश्य: गावचा रस्ता, दोन्हीकडं ऊस. गोठ्याचं दार. आज्जी आवाज ऐकून बाहेर येतात. निवेदन नाही.)

(दृश्य: गोठा. पाचट हललंय, जागा मोकळी.)

म्हशीसाठी आता खुंट रोवलाय.