आईच्या ओट्यात पडणारी नाणी

मित्रहो, आजचा चित्रपट आपण एका शालीपासून पाहायला सुरुवात करू. ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’च्या पहिल्याच दृश्यात दोन हात एका जुन्या शालीत सामान बांधताना दिसतात. आई बाजाराला जाताना पांघरायची, ती ही शाल. हा माणूस ब्रिटनमधल्या वेल्सचं, कोळशाच्या खाणींचं आपलं खोरं कायमचं सोडून चालला आहे. त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज येतो. मग कॅमेरा खिडकीबाहेरच्या काळवंडलेल्या, ओसाड गल्लीवरून फिरतो आणि आपण त्याच्या लहानपणात जाऊन पोहोचतो.

या चित्रपटाचं नाव निघालं की लोकांना एकच गोष्ट आठवते: १९४१ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर ‘सिटिझन केन’ला न मिळता याला मिळालं. जॉन फोर्डला दिग्दर्शनाचं आणि आर्थर मिलरला कृष्णधवल छायाचित्रणाचं धरून एकूण पाच ऑस्कर याच्या वाट्याला आली. ‘केन’ थोर आहे, यात वादच नाही. पण त्या तुलनेपायी हा चित्रपट नीट पाहायचाच राहून जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याचं चित्रण वेल्समध्ये, रंगीत करायचं ठरलं होतं. दुसऱ्या महायुद्धामुळे ते जमलं नाही, म्हणून कॅलिफोर्नियातल्या डोंगरात अख्खं वेल्श गाव उभारलं गेलं. जाणकार यात एक चूक दाखवतात आणि ती खरीच आहे. दक्षिण वेल्समध्ये खाणी बहुधा खोऱ्याच्या तळाशी असत. इथे मात्र खाण चढावाच्या माथ्यावर आहे आणि गावाची गल्ली थेट तिच्याकडे जाते. मला ही चूक मोलाची वाटते. लग्न असो की भांडण, चौकटीच्या वरच्या टोकाला खाण आहेच.

आणि तरीही फोर्ड आपल्याला खाणीत जवळजवळ नेतच नाही. तो घरात बसतो. पगाराच्या दिवशी पुरुष गात गात उतार उतरून येतात. आई, बेथ मॉर्गन, दाराशी बसलेली असते. मुलगे आणि बाप रांगेनं येऊन कमाई तिच्या ओट्यात टाकतात. मग गरम पाणी, अंगावरची काजळी घासून काढणं, एकत्र जेवण. हे इतक्या निवांतपणे दाखवलंय, की मजुरीत कपात झाल्याची नोटीस लागते तेव्हा कुणाला आकडेमोड समजावून सांगावी लागत नाही. ओटा हलका झालेला आपल्याला दिसतो.

त्या काळाचं वास्तवही असंच होतं. १८७५ पासून पाव शतकाहून अधिक काळ दक्षिण वेल्समध्ये खाणकामगाराची मजुरी कोळशाच्या विक्रीभावाला बांधलेली होती. भाव उतरला की मजुरी उतरायची, घाम तेवढाच. १८९८ मध्ये खाणमालकांनी सहा महिन्यांची टाळेबंदी केली, कामगार हरले आणि त्याच वर्षी त्यांची दक्षिण वेल्स खाणकामगार फेडरेशन ही संघटना उभी राहिली.

हा सगळा इतिहास फोर्ड एका जेवणाच्या टेबलावर आणतो. मुलांना युनियन हवी आहे. बापाचा, ग्विलिम मॉर्गनचा, विश्वास असा की चांगल्या कामाला चांगलं दाम मिळतंच. शब्दाला शब्द लागतो आणि एकेक मुलगा उठून घराबाहेर पडतो. उरतो फक्त धाकटा ह्यू, म्हणजे सुरुवातीला शाल बांधणारा तोच माणूस, लहानपणीचा. तो बोलत नाही, काटा-चमचा वाजवतो. बाप मान वर न करता म्हणतो, हो बाळा, तू आहेस हे ठाऊक आहे मला. फोर्ड इथे कुणालाच खोटं पाडत नाही. मुलांचं म्हणणं बरोबर आहे आणि बापाचं दुःखही खरं आहे.

मग खाणीत संप होतो आणि तो बावीस आठवडे चालतो. पुढे काम महाग पडतं म्हणून चांगल्या कसबी मुलांनाच काढून टाकतात आणि ती देशोदेशी पांगतात. ह्यू नकाशावर रेघा ओढून कोण कुठे आहे ते आईला दाखवतो. तिला ते पटत नाही. तिच्या लेखी सगळी याच घरात आहेत. आईचं काम करणाऱ्या सारा ऑलगुडनं हे असं म्हटलंय, की दर वेळी माझा गळा दाटतो.

आता निवेदनातली एक ओळ सांगतो. ह्यू म्हणतो, तेव्हा खाणीतल्या टाकाऊ मालाचा काळा ढीग आमच्या टेकडीवर नुकताच चढू लागला होता. हे १९४१ मधलं. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावी असाच एक ढिगारा, पावसानं आणि खालच्या झऱ्यानं सैल होऊन, शाळेवर कोसळला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. हे ठाऊक झाल्यापासून ती ओळ मला पूर्वीसारखी ऐकताच येत नाही.

शेवटी खाण ग्विलिमलाही घेते. खाणीतून माणसं वर आणणारा पिंजरा वर येतो तेव्हा ह्यूच्या मांडीवर बापाचं डोकं असतं आणि वर बायका वाट पाहत उभ्या असतात. इथून फोर्डला पुन्हा त्या म्हाताऱ्या हातांकडे जाता आलं असतं. तो जात नाही. पडद्यावर जेवणाचं टेबल परत येतं, भाऊ येतात, टेकडीवर बाप आणि लहानगा ह्यू भेटतात आणि चित्रपट संपतो. शाल बांधून झालेला माणूस दाराबाहेर पडताना आपल्याला दिसतच नाही.