बटाट्याच्या पोटात अलुबुखार

(दृश्य: लाकडी पाट, त्यावर भुरभुरलेलं पीठ. बाजूला वाडग्यात जांभळी फळं.)

सप्टेंबर महिना. इटलीच्या ईशान्य टोकाला, समुद्राच्या काठी वसलेलं त्रिएस्ते शहर. इथल्या मंडईत या दिवसांत लांबट, निळसर-जांभळी फळं येतात. फळावर पांढुरकी राख धरलेली असते, बोट फिरवलं की खालचा गडद रंग दिसतो. इटालियनमध्ये यांना सुझीने म्हणतात. आपण प्लम म्हणू, किंवा जुन्या सवयीनं अलुबुखार.

आज ही फळं बटाट्याच्या न्योक्कीत जाणार आहेत.

न्योक्की म्हटलं की डोळ्यासमोर येतात ते बोटाच्या पेराएवढे मऊ गोळे, वर टोमॅटोची नाहीतर चीजची चटकदार ग्रेव्ही. त्रिएस्तेची ही न्योक्की मात्र लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी. आत अख्खं फळ. आणि जेवणात ती येते सुरुवातीला, मांसाच्या पदार्थाच्या आधी, जिथे इटलीत इतरत्र पास्ता येतो. वरून साखर आणि दालचिनी घातलेली, तरीही गोड म्हणून शेवटी नाही. पहिल्यांदा खाणारा जरा गोंधळतोच.

(दृश्य: मोठ्या पातेल्यात सालासकट उकळणारे बटाटे.)

या स्वयंपाकघरातल्या आजींना घरचे सगळे नोना म्हणतात. इथल्या बोलीत नोना म्हणजे आजीच. एक किलो बटाटे त्यांनी सालासकट शिजायला टाकलेत. जुने, पिठूळ बटाटे. नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी, त्याचा गोळा धरत नाही. सोलून, फोडी करून उकडले तरी तेच होतं, पाणी आत शिरतं. या पदार्थात पाण्याशीच वैर आहे, बाकी सगळं सांभाळून घेता येतं.

बटाटे गरम असतानाच सोलायचे. हात भाजतात, नोना फुंकर घालतात आणि सोलत राहतात. मग ते एका दाबयंत्रातून काढायचे. आपल्या शेवेच्या सोऱ्याचा चुलतभाऊच म्हणा. बटाट्याच्या शेवया पाटावर पडतात, त्यातून वाफ उठते. ती वाफ जाऊ द्यायची, घाई करायची नाही. वाफेबरोबर पाणी जातं. मिक्सर मात्र इथे चालत नाही. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि बटाट्याची खळ होते. वॉलपेपर चिकटवायला उपयोगी, खायला नाही.

(दृश्य: बटाट्याच्या ढिगात खळगा, त्यात फोडलेलं अंडं.)

एक अंडं, मीठ, लोण्याचा छोटा गोळा आणि पाव किलोच्या आसपास मैदा. आसपास म्हणण्याचं कारण बटाटा. तो कोरडा असेल तर मैदा कमी लागतो, ओलसर असेल तर जास्त. हाताला चिकटतंय म्हणून अजून थोडा, अजून थोडा असं करत गेलं की न्योक्की रबरी होते. मळायचंही जेमतेम, सगळं एकत्र येईपर्यंत. पोळीची कणीक तिंबायची सवय असलेल्या हातांना हे जड जातं.

(दृश्य: फळ चिरून बी काढणारा हात. बिया एका वाटीत पडतात.)

फळाला एका बाजूनं चीर द्यायची, बी काढायची आणि बीच्या जागी चमचाभर साखर. काही घरांत साखरेचा चौकोनी तुकडाच बसवतात. नोना बिया टाकत नाहीत, वाटीत जमवतात. का, ते मागाहून कळेल.

इथे भाषेची एक गंमत सांगायला हवी. अलुबुखारमधला ‘आलू’ फारसी, अर्थ प्लम. बुखारा शहराचा आलू तो अलुबुखार. हिंदीतला आलू मात्र बटाटा, आणि तो शब्द संस्कृतातल्या कंदाच्या ‘आलु’वरून आलेला. आपण मराठीत बटाटा म्हणतो, तो शब्द पोर्तुगिजांकडून आला. म्हणजे हिंदीतल्या आलूत फारसीतला आलू, हा आलूत आलू.

(दृश्य: तळहातावर पारी, मध्ये फळ.)

उकडीचे मोदक करणाऱ्यांना पुढचं ओळखीचं वाटेल. पिठाचा उंडा तळहातावर थापायचा, पारी करायची, मध्ये फळ ठेवून तोंड मिटायचं. कळ्या नाहीत, नुसता गोल गुळगुळीत गोळा. पारी कुठे पातळ राहिली तर तिथूनच फुटणार.

आता गोळे खारवलेल्या पाण्यात जातात. पाण्याला हलकी उकळी हवी, खळखळ नको. आधी तळाशी बसतात, मग एकेक वर येतो. वर आल्यावरही पाचेक मिनिटं राहू द्यायचे, आतलं फळ शिजायचं असतं.

(दृश्य: शहराचा जुना चौक, समोर समुद्र.)

तोवर शहराकडे पाहू. त्रिएस्ते १३८२पासून १९१८पर्यंत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्यात होतं. १७१९मध्ये सम्राट सहाव्या कार्लनं ते खुलं, म्हणजे जकात नसलेलं, बंदर जाहीर केलं. १८५७मध्ये व्हिएन्नाहून थेट आगगाडी आली. याच राज्यातल्या इतर शहरांतही हा गोळा होता: व्हिएन्नात क्न्योडेल, प्रागमध्ये क्नेडलीक, बुडापेस्टमध्ये गोंबोत्स. चेक घरांत तर फळाचे क्नेडलीकी हेच अख्खं जेवण असतं. पहिल्या महायुद्धानंतर त्रिएस्ते इटलीकडे गेलं, दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं अधांतरी राहिलं, १९५४मध्ये परत इटलीत आलं. राज्यं बदलली, गोळ्याचं नाव न्योक्की झालं, पण तो ताटातून उठला नाही. इटलीनं एवढंच केलं की त्याला पास्ताच्या पंगतीत बसवलं.

(दृश्य: तव्यात लोणी, त्यात ब्रेडचा चुरा.)

लोण्यात ब्रेडचा चुरा खमंग, तांबूस परतायचा. हे खरं काम. चुरा करपला तर वरची चव कडू होते, कच्चा राहिला तर भुसा खाल्ल्यासारखं वाटतं. त्यात साखर, दालचिनी आणि निथळलेले गोळे. तवा हलवत घोळवायचे.

(दृश्य: सुरीनं कापलेली न्योक्की.)

आतली साखर विरघळून फळाच्या रसात मिसळलेली असते. कापताच ताटलीत गडद लाल रस पसरतो. पारी किंचित खारट, फळ आंबट, बाहेर गोड कुरकुरीत चुरा.

नोना आता वाटीतल्या बिया मोजतात. अठरा. मग ताटल्यांतले गोळे मोजतात. सतरा.

पातेल्याच्या तळाशी एक फुटलेला सापडतो, लालसर पाण्यात. नोना तो झाऱ्यानं काढतात, कुणी बघायच्या आत उभ्या उभ्याच तोंडात टाकतात, आणि बाकीच्यांना जेवायला हाक मारतात.